दोन लोखंडांमधले पॅकिंग

आमच्या मळ्यावरच्या इंजिनघराच्या भिंतीवर वडिलांनी शिसपेन्सिलीने केलेल्या नोंदी अजून वाचता येतात. 'तेल बदलले', 'नोझल (डिझेल फवारणारी तोटी) साफ केले', आणि दोन ठिकाणी, पुढे तारीख घालून, 'पॅकिंग घातले'. हे पॅकिंग म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनाचे वरचे झाकण (हेड) आणि खालचा सिलिंडरचा ठोकळा (ब्लॉक) यांच्यामध्ये बसणारी पातळ चकती. पुस्तकात काहीही म्हणोत, आमच्या तासगावच्या बाजूला त्याला पॅकिंगच म्हणतात, आणि त्या शब्दामुळे ते खोक्यात काच हलू नये म्हणून कोंबलेल्या कागदासारखे काहीतरी असावे, असा माझा बरीच वर्षे समज होता.

इंजिन किर्लोस्करचे, एव्ही-१ या जातीचे. एकच सिलिंडर, ८० मिलिमीटरचा बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ११० मिलिमीटरचा स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव, मिनिटाला १५०० फेरे आणि पाच अश्वशक्ती. किर्लोस्करवाडी आमच्यापासून लांब नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथल्या माळावर कारखाना वसवला, तो नांगर आणि चरक यांचा. डिझेल इंजिनांसाठीची वेगळी कंपनी पुण्यात खडकीला निघाली ती १९४६ साली. मोट सुटून विहिरींवर इंजिने आली आणि पुढे विजेच्या मोटारी आल्यावर ती कोपऱ्यात गेली. आमचेही गेले होते. मात्र शेतीची वीज रात्री येऊ लागली की पाटावर बॅटरी घेऊन जाण्यापेक्षा दिवसा हँडल मारलेले बरे, असे निवृत्त माणसाला वाटू लागते, आणि त्याच विचाराने मी ते इंजिन पुन्हा उभे करायला घेतले.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला जवळजवळ साडेसोळाव्या हिश्श्यात कोंबतो, त्यामुळे ती पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. पेटल्यानंतरचा दाब चौरस सेंटिमीटरला ६० किलोच्या आसपास धरला, तर आमच्या बोअरच्या पन्नास चौरस सेंटिमीटरांवर तीन टनांचा धक्का बसतो. दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा आणि तासाला ४५,००० वेळा, वरचे हेड उडवून देण्याचा हा प्रयत्न चालतो. हेड आणि ब्लॉक ही दोन्ही बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कडक आणि सहजी न वाकणारी. ती एकमेकांवर कितीही घट्ट आवळली तरी त्यांच्यामध्ये वायूला पुरेल इतकी वाट राहतेच. म्हणून मध्ये मऊ काहीतरी लागते, जे स्वतः चेपले जाऊन दोघांचे खाचखळगे भरून काढील. शिवाय त्याच पातळ चकतीला आतली आग आतच ठेवायची असते आणि बाजूच्या भोकांतून खेळणारे थंड पाणी त्या आगीपर्यंत पोहोचू द्यायचे नसते.

पहिल्या खेपेला मी घाई केली, हे कबूल करतो. इंजिन चालू झाल्यावर थंडाव्याच्या नळीतून पाटात पडणारे पाणी गुळणी टाकल्यासारखे अडखळत येई, त्यात बुडबुडे दिसत आणि धुराचा वास येई. पॅकिंग गेले, हे कोणीही सांगितले असते. मी सांगलीहून नवे आणले, हेड उतरवले, जुने काढून नवे घातले आणि नट आवळून टाकले. सतरा दिवसांनी पुन्हा तेच बुडबुडे. दुकानदाराने निकृष्ट माल दिला, अशी माझी पक्की खात्री झाली आणि तशी तक्रार मी गावातल्या जुन्या मिस्त्रींकडे केली. त्यांनी नवे पॅकिंग उलटसुलट करून पाहिले, दोन भोकांच्या मधली काळी पडलेली जागा अंगठ्याने पुसली आणि म्हणाले, "मास्तर, पॅकिंगला कशाला बोल लावताय? ते मरायलाच असतंय. त्याला मारलं कुणी ते बघा."

मारले होते आमच्याच विहिरीच्या पाण्याने. या इंजिनांना बहुधा रेडिएटर नसतो. पंपाने उपसलेल्या पाण्यातलेच थोडे एका बारीक नळीने इंजिनात फिरते आणि पाटात पडते. व्यवस्था सुंदर आहे, पण पाणी क्षाराचे असेल तर चहाच्या भांड्यात बसते तशी पांढरी पापडी आत बसत जाते आणि लोखंडाची उष्णता पाण्याला मिळेनाशी होते. आमच्या हेडातली पाण्याची एक वाट निम्म्याहून अधिक बुजली होती. त्या बाजूचे बीड जास्त तापे, तापून किंचित वाकडे होई, आणि वाकड्या झालेल्या हेडाखाली कोणतेही पॅकिंग, अगदी सोन्याचे असले तरी, टिकले नसते.

तेव्हा दुसऱ्या खेपेला पॅकिंगची पिशवी कपाटात ठेवून आम्ही आधी बाकीचे सगळे केले, आणि त्यात नऊ दिवस गेले. हेड आणि ब्लॉक यांतले क्षार पातळ केलेल्या ॲसिडने सोडवून नंतर सोड्याच्या पाण्याने धुतले. ब्लॉकच्या तोंडावर वडिलांच्या काळच्या तांब्याच्या आणि ॲस्बेस्टॉसच्या पॅकिंगचे अवशेष चिकटून होते. पहिल्या खेपेला मी त्यांच्यावरच नवे दडपले होते. हे अवशेष कोरडे खरवडू नयेत, कारण ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ते भिजवून मऊ करावेत आणि बोथट पट्टीने सोडवावेत. कानशीस तर हातही लावायचा नाही. घाईने मारलेला एक ओरखडाही वायूला वाट करून देतो.

मग सरळ पट्टी हेडावर उभी, आडवी आणि तिरकी ठेवून तिच्याखाली फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, ठरावीक जाडीची पाती सरकवून पाहिली. ०.०५ मिलिमीटरचे पाते सहज गेले, ०.१०चे गेले, आणि मधोमध ०.१५चेही अडखळत गेले. डोळ्यांना हेड आरशासारखे सपाट दिसत होते. माणसाचा केस या पात्याच्या निम्म्याने जाड असतो, म्हणजे दोन केसांच्या उंचीच्या दरवाजातून आमचे तीन टन ये-जा करत होते. हेड कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन फेस मारून, म्हणजे यंत्रावर तासून सपाट करून, आणले. फेस मारताना जितके बीड जाते तितके व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, त्यामुळे ते किती खोल बसले आहेत हेही मोजून घ्यावे लागले. लायनरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याची, कड ब्लॉकच्या पातळीहून केसभर वर हवी, कारण पॅकिंगवर सगळ्यांत जास्त दाब तिथेच यायला हवा. ती कड मिस्त्रींनी डोळे मिटून नखाने तपासली. मी नंतर गेजने मोजली. त्यांचे नख बरोबर निघाले.

एवढे झाल्यावर प्रत्यक्ष पॅकिंग बसवायला एक मिनिटही लागले नाही. कोणी त्याला ग्रीस चोपडतात, कोणी चंदेरी रंग देतात. आमच्या मिस्त्रींना दोन्ही मान्य नाही, पृष्ठभाग सपाट असेल तर कोरडेच बसावे असा त्यांचा आग्रह. सरळ-उलटे ठरवायला पाण्याची भोके पाहावीत. उलटे घातले तर एखादे भोक झाकले जाते आणि आपण धुऊन मोकळी केलेली वाट आपल्याच हाताने बंद होते. हेड धरून ठेवणाऱ्या स्टडचे आटे पुसून त्यांना थेंबभर तेल दिले, कारण गंजक्या आट्यात पान्याचा जोर घर्षणातच संपतो आणि पॅकिंगपर्यंत पोहोचत नाही. मग एका कोपऱ्याचा नट, नंतर त्याच्या समोरच्या कोपऱ्याचा, असे तिरके तिरके जात, तीन टप्प्यांत, किती जोर लागला ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने पुस्तकातला आकडा गाठला. एक बाजू आधी पक्की केली की दुसरी बाजू उचलली जाते, हे पातेल्यावर फडके बांधणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

त्यानंतर शिशाच्या तारेची परीक्षा झाली. नव्या पॅकिंगची जाडी जुन्याइतकी असेलच असे नाही, आणि पिस्टन वर आल्यावर तो हेडाला धडकता कामा नये, तसाच फार लांबही राहता कामा नये, नाहीतर हवा पुरेशी कोंबली जात नाही. नोझलच्या भोकातून तारेचे वाकवलेले टोक पिस्टनच्या काठावर ठेवले, फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवले आणि चपटी झालेली तार बाहेर काढून मायक्रोमीटरने मोजली. फट थोडी कमी भरली, म्हणून ब्लॉकखाली एक पातळ पत्री वाढवावी लागली, म्हणजे हेड पुन्हा उतरवावे लागले. एकदा दाबलेले पॅकिंग पुन्हा घालायचे नसते. ज्याच्यासाठी नऊ दिवस खपलो ते पॅकिंग अशा रीतीने एकदाही आग न पाहता वाया गेले. मिस्त्रींनी तंबाखू मळली आणि काही बोलले नाहीत. दुसरे पॅकिंग त्यांनी आधीच पिशवीत आणून ठेवले होते.

दहाव्या दिवशी डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे हँडल हलके फिरावे म्हणून आतला दाब सोडणारा, खटका उचलून हँडल मारले. तिसऱ्या दमात इंजिनाने पेट घेतला. नळीतून पाणी एकसंध धारेने पाटात पडू लागले. हात धरला तर कोमट. मी आनंदाने घरी निरोप पाठवायला निघालो, तर मिस्त्री म्हणाले, "अजून झालं नाही. तासभर तापू द्या, रात्रभर गार होऊ द्या, सकाळी परत पाना लावू." ताप आणि गारवा यांनी पॅकिंग आणखी थोडे दबते आणि नट आपोआप सैल पडतात. पहिल्या खेपेला हे मला कोणी सांगितले नव्हते, कारण मी कोणाला विचारलेच नव्हते.

सकाळी एकेक नट जरासा मागे घेऊन पुन्हा त्याच आकड्यावर आणला. दोन नट जागचे फारसे हलले नाहीत, एक मात्र पाव फेऱ्याच्या जवळपास पुढे गेला. हेड तेवढे खाली बसल्यामुळे टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याजवळची, फट कमी झाली होती, ती पुन्हा लावली. मिस्त्री हात पुसत बाहेर गेले तेव्हा मी खिशातली पेन्सिल काढून वडिलांच्या शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली आणि 'पॅकिंग घातले' असे लिहिले. वडिलांच्या दोन्ही नोंदींच्या पुढे, दुसऱ्या दिवसाची तारीख घालून, एक बारीक शब्द आहे. तो मला इतकी वर्षे 'पहिले' असा लागत होता आणि त्याचा अर्थ लागत नव्हता. तो 'पिळले' असा आहे.