आमची वाटचाल: हरभट रोड ते विश्रामबाग

आमच्या कॉफीच्या दुकानाबद्दल सांगलीत दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, आम्ही महाग आहोत. दोन, २०१९ च्या पुरात दुकान गेलं आणि विम्याच्या पैशावर आम्ही विश्रामबागेत नवं थाटलं. पहिली खरी आहे. दुसरी साफ खोटी आहे, आणि ती खोडून काढायलाच लिहायला बसलोय.

मी मूळचा मशीनवाला. बेंगळुरात ऑफिसांमधल्या व्हेंडिंग मशीनची सर्व्हिसिंग करायचो. घरी सांगलीत कॉफी म्हणजे पाहुणे आले की जायफळ घालून उकळलेलं दूध. ओळखीतून एकदा जयनगरच्या आतल्या गल्लीतल्या एका छोट्या दुकानात ग्राइंडर अडकला म्हणून बोलावणं आलं. लाकडी ओटा, पाच-सहा स्टुलं, पिवळा दिवा, आणि गिऱ्हाईक असूनही कुणाचा आवाज नाही. दाण्यांबरोबर आलेला खडा दळणाऱ्या चकत्यांत अडकला होता, तो काढून दिला. मशीन नीट चालतंय का बघायला मालकाने पंधरा ग्रॅम दाणे मोजून दळले. गाळणीतला कागद गरम पाण्याने धुतला, पूड टाकली, बाकदार तोटीच्या किटलीतून थोडंसंच पाणी सोडलं आणि थांबला. पूड फुगून वर आली, तिच्यावर बुडबुडे फुटायला लागले. ताज्या भाजणीतला कार्बन डायऑक्साइड तो. मग आतून बाहेर, बाहेरून आत, बारीक धारेने उरलेलं पाणी. दूध नाही, साखर नाही. कर्नाटकातल्या बाबाबुडनगिरीचा एस ७९५ होता, अरेबिका कॉफीचा एक वाण, गर पाण्याने धुऊन काढून वाळवलेला. गुळासारखा गोडवा आणि मागून चिंचेची हलकी आंबट चव. इतकी वर्षं कॉफीची मशीनं दुरुस्त करत होतो, पण कॉफी त्या दिवशी प्यायलो.

२०१७ साली हरभट रोडच्या मागच्या गल्लीत आम्ही दुकान काढलं. आम्ही म्हणजे मी आणि बायको. हिशेब, गिऱ्हाईक आणि दाण्यांची चव हे तिचं खातं, पाणी आणि मशीन माझं. गल्लीतले चहावाले हसायचे. 'काळ्या पाण्याला एवढे पैसे?' हे वाक्य तिने जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा दुसऱ्या कुणाला राग आला असता. ती फक्त म्हणायची, 'बसा दादा, तीन मिनिटं लागतील.'

आमच्याकडे व्ही ६० आहे, म्हणजे कागद लावून कॉफी गाळायचं शंकूसारखं भांडं. साठ अंशांचा कोन, आतून पिळदार कंगोरे, खाली एकच मोठं भोक. भोक मोठं असल्यामुळे पाणी किती वेळ थांबणार हे भांडं ठरवत नाही, दळण आणि ओतणाऱ्याचा हात ठरवतो. म्हणून तर सपाट बुडाची, तीन बारीक भोकांची भांडी सोपी पडतात. नव्या पोरांनी खुशाल त्यावर शिकावं, त्यात कमीपणा नाही. पण एक सांगतो, महागडी किटली आधी घेऊ नका. आधी ग्राइंडर घ्या. साधी किटली हाताने सांभाळून घेता येते, वाईट दळण कुणालाच सांभाळता येत नाही. आमचा ग्राइंडर बेंगळुरातल्याच एका बंद पडलेल्या दुकानातून घेतलेला, ६४ मिलिमीटरच्या सपाट पोलादी चकत्यांचा. पाऊण लाख मोजले होते. तेव्हा आमच्याकडे त्याहून मोठी वस्तू नव्हती.

पहिलं बांधलेलं गिऱ्हाईक म्हणजे सर. कॉलेजात आयुष्यभर केमिस्ट्री शिकवलेली. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. पहिल्या दिवशी त्यांनी कॉफीच्या आधी गाळलेली कॉफी जमा होते तो काचेचा सर्व्हर उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, 'अरे, ही तर लॅबची काच!' बरोबरच होतं. तो सर्व्हर आणि व्ही ६० बनवणारी हारिओ कंपनी १९२१ साली टोकियोत सुरू झाली तीच प्रयोगशाळेच्या काचसामानावर. मग त्यांनी मला केमेक्सचं सांगितलं, १९४१ मध्ये एका रसायनशास्त्रज्ञानेच काढलेलं कॉफी गाळायचं काचेचं भांडं ते. घोट घेतला आणि विचारलं, 'पाणी कुठलं वापरतोस?' मी अभिमानाने म्हणालो, आरओचं. दुसऱ्या दिवशी ते टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) आणि ब्युरेट (लॅबमधली मापाची काचनळी) घेऊन हजर.

सरांनी शिकवलेलं इथे लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ उरत नाहीत, आणि कॉफीची चव ओढून काढायला थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं. म्हणून नुसत्या आरओची कॉफी पोकळ लागते. उलट आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की त्यातले बायकार्बोनेट सगळी आंबट चव मारून टाकतात, उरतो खडूसारखा सपाटपणा. सरांनी दोन्ही मिसळून टीडीएस दीडशेच्या आसपास आणून दिला. प्रमाण त्यांच्या अक्षरात भिंतीवर लावलं होतं. दाणे बदलायच्या आधी पाणी तपासा. निम्म्या दुकानदारांचे पैसे इथे वाचतील.

आता पूर. २०१९ चा ऑगस्ट. कोयनेचा विसर्ग वाढत होता, वारणा फुगलेली, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी सगळं गाव तासातासाला विचारत होतं. आमच्या गल्लीत २००५ च्या पाण्याची खूण भिंतीवर होती, आणि जुने व्यापारी सगळं त्या खुणेच्या वर ठेवायचे. मी खुणेच्या वर हातभर फळी ठोकून तिच्यावर ग्राइंडर चढवला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. घर खणभागात, तिथेही पाणी शिरलं. आई, पोरं, बायको आणि माणशी एक पिशवी, एवढंच बोटीत घेऊ दिलं. आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं, २००५ पेक्षा तीन फुटांहून जास्त. फळी, ग्राइंडर, दाण्यांचे डबे, सगळं पाण्याखाली. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळ गावी बोट उलटून माणसं गेली. त्यांच्यापुढे आमचं नुकसान काढू नये हे कळतं मला.

पाणी उतरल्यावर शटर अर्धं वर गेलं आणि चिखल बाहेर आला. कृष्णेचा गाळ लोण्याइतका बारीक असतो. तो बेअरिंगमध्ये, मोटरच्या वायंडिंगमध्ये, चकत्यांच्या प्रत्येक दातात बसला होता. चिनी मातीचे दोन व्ही ६० मात्र गाळात रुतून शाबूत निघाले. बायकोने ते पदराने पुसले आणि मला म्हणाली, 'चला, आता रडत बसू नका.'

दुकानाचा विमा होता. हप्ता एकही चुकलेला नव्हता. ग्राइंडरचं बिल मोबाइलमध्ये होतं, फोटो होते. सर्वेअर आला, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून दारातच उभा राहिला आणि यादी केली. ती यादी हातात पडली तेव्हा त्यात ग्राइंडरच्या जागी 'मिक्सर, घरगुती' असं लिहिलेलं, आणि किंमतही तशीच. वर घसारा. मंजूर झालेल्या रकमेत नव्या चकत्यांची जोडीसुद्धा आली नसती.

मी मशीनवाला माणूस आहे, मला हे आजही सहन होत नाही. मिक्सरचं पातं दाणा फोडतं, हवा तसा. काही तुकडे मोठे, काहींची धूळ. धूळ लगेच कडू होते, मोठा तुकडा कच्चा राहतो, आणि दोन्ही एकाच कपात येतात. चकत्यांमधलं अंतर मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बसवतो, जात्याच्या पाळ्यांसारखं, म्हणजे दाणा एकसारखा दळून बाहेर पडतो. सगळा धंदा त्या अंतरावर उभा आहे. बिल दाखवलं, पत्रं लिहिली, कंपनीच्या कोल्हापूरच्या ऑफिसात जाऊन बसलो. तिथल्या साहेबांनी मान न उचलता सांगितलं, 'दळतं ना? मग मिक्सरच.' मिळालेल्या चेकमधून दुकानातला गाळ उपसायची मजुरी भागली. विम्यावर नवं दुकान थाटलं म्हणणाऱ्यांनी हा आकडा कधीही येऊन बघावा, कागद जपून ठेवलेत.

दुकानदारांनो, पॉलिसीत नुसतं 'मशिनरी' लिहून घेऊ नका. एकेका मशीनचं नाव, मॉडेल, सीरियल नंबर आणि बिलाची रक्कम लिहायला लावा. एजंट कंटाळा करेल, करू दे.

मग काय केलं? मोटर रिवाइंड करून घेतली. बेअरिंग मीच बसवली. चकत्यांवरचा गंज निघाला पण धार गेली होती. नव्या चकत्यांचे पैसे सरांनी दिले. 'कॉफीचे ॲडव्हान्स समज,' म्हणाले. मी वही घातली. रोजचा एक कप त्यात लिहीत गेलो आणि ती वही पूर्ण फिटल्यावरच बंद केली. मधल्या काळात हाताने फिरवायच्या ग्राइंडरवर, एका मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर आम्ही कॉफी विकली. गिऱ्हाईक उभ्याने प्यायचं. बायकोच्या मनगटाला तेव्हा लागलेली सूज अजून थंडीत डोकं वर काढते.

विश्रामबागेचं दुकान तिच्या बांगड्यांवर आणि पतसंस्थेच्या कर्जावर उभं आहे. लॉकडाऊनमध्ये भाजलेले दाणे घरपोच दिले, तग धरला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, पण ही बाजू उंच, पाणी इथवर आलं नाही. त्यानंतरचं काय सांगणार? दुकान चालू आहे. बेंगळुरचा भाजणारा राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसने मिरजेला दाणे पाठवतो, मी स्टेशनवरून आणतो आणि आठवडा-दहा दिवस मुरू देतो. भाजल्या दिवशीचे दाणे ताजे म्हणून विकणाऱ्याकडून घेऊन लगेच ओतू नका. गॅस इतका असतो की पाणी पुडीत नीट शिरत नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. आमच्या भाजणाऱ्यानेही भाव वाढवला. कप लहान करा, बारा ग्रॅमवर या, असं सुचवणारे खूप भेटले. बायको ऐकेना. पंधरा ग्रॅम, दोनशे चाळीस मिली, तेच ठेवलं आणि दर वाढवला. म्हणून आम्ही महाग आहोत. तो ग्राइंडर ओट्यावर डाव्या हाताला आहे, सीरियल नंबरची पट्टी समोर येईल असा फिरवून ठेवलाय. कुणाला उघडून बघायचा असेल तर दुपारी तीननंतर या, तेव्हा गर्दी नसते.