ब्रुकनर मास्तर आणि ‘ही जागा’

एकोणिसाव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार अंतोन ब्रुकनर याचं नाव काढलं की बहुतेकांना त्याच्या तासतासभर चालणाऱ्या सिम्फनी आठवतात. चर्चमध्ये गाणाऱ्यांना तो वेगळ्या दारातून भेटतो. दोन-तीन पानांचा मोटेट, म्हणजे लॅटिन शब्दांवरची छोटी चर्चरचना, चार आवाज, साथीला काहीही नाही. मला हा ब्रुकनर जास्त जवळचा वाटतो. गायचं कुठे आणि हाताशी माणसं किती, या दोन प्रश्नांपासूनच त्याच्या चर्चसंगीताची सुरुवात होते.

विंडहागची मिस्सा बघा. मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना, आणि तिच्यासाठी रचलेलं संगीतही. 1841 मध्ये सतरा वर्षांचा ब्रुकनर अप्पर ऑस्ट्रिया प्रांतातल्या विंडहाग या लहानशा खेड्यात साहाय्यक शिक्षक म्हणून गेला. पुढच्या वर्षी त्यानं तिथल्या चर्चसाठी मिस्सा लिहिली. एक आल्टो (बायकांचा खालचा आवाज), दोन हॉर्न आणि ऑर्गन, एवढीच तिची मागणी. गावात गाणारी एक चांगली बाई होती आणि हॉर्न वाजवणारे दोघं होते, म्हणून तेवढ्यांपुरतंच लिहिलं. नसलेल्या टेनरसाठी (पुरुषांच्या वरच्या आवाजासाठी) ओळ लिहून ठेवायची आणि मग त्याची वाट बघत बसायचं, हा त्याचा स्वभाव नव्हता.

हे वळण घरचंच. आन्सफेल्डन गावात वडील शाळामास्तर होते, आणि त्या काळी खेड्यातल्या मास्तरानं चर्चचा ऑर्गनही सांभाळायचा असे. गोव्यातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. चर्चच्या शाळेत सोल्फेज (नोटेशन वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवणारा आणि रविवारी क्वायर उभा करणारा मेस्त त्यांच्या ओळखीचा आहे. 1837 मध्ये वडील वारले आणि तेरा वर्षांच्याही आत असलेल्या अंतोनला आईनं सेंट फ्लोरियनच्या मठात गाणाऱ्या मुलांमध्ये ठेवलं. तिथल्या चर्चमध्ये फ्रान्झ क्झावर क्रिसमान यानं बांधलेला, 1774 मध्ये पुरा झालेला प्रचंड ऑर्गन होता. तो आवाज आणि त्या घुमटांतून परत येणारा नाद जन्मभर त्याच्या कानात राहिला. 1845 मध्ये तो त्याच मठाच्या शाळेत शिक्षक म्हणून परतला, पुढे तिथला ऑर्गनवादक झाला, आणि 1855 च्या अखेरीस लिन्झच्या कॅथीड्रलची जागा त्याला मिळाली.

लिन्झला असताना तो व्हिएन्नाच्या सिमोन सेख्टरकडे काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटी जुळवण्याची विद्या, शिकला, बरीचशी पत्रांतून. सहा वर्षं. शिकवणी चालू असेपर्यंत स्वतःचं काही रचायचं नाही, ही गुरूची अट होती आणि ती त्यानं जवळजवळ पूर्ण पाळली. तिशी उलटलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसानं हे करणं सोपं नाही. 1861 मध्ये शिकवणी संपली आणि त्याच वर्षी सात आवाजांचा ‘आवे मारिया’ आला. आधी फक्त बायकांचे तीन आवाज, मग पुरुषांचे चार, आणि ‘येसुस’ (येशू) या नावावर सातही एकत्र. ते नाव तीनदा येतं, दर वेळी आधीपेक्षा मोठं. पहिला ‘येसुस’ जितका बारीक, तितका तिसरा चढतो. पहिल्यालाच मध्यम आवाज काढणारा क्वायर तिसऱ्याला ओरडायला लागतो, कारण चढायला जागाच उरलेली नसते. दोन टेनर भागांना प्रत्येकी निदान दोन माणसं नसतील, तर हा मोटेट हातात घेऊ नये.

आता मुख्य जागेकडे येऊ. लिन्झचे बिशप फ्रान्झ योझेफ रुडिगियर यांनी नवं कॅथीड्रल बांधायला घेतलं होतं. 1862 मध्ये पायाभरणी झाली, पण सगळं पुरं व्हायला 1924 उजाडलं. आधी तयार झालं ते त्यातलं व्होटिव्ह चॅपल (नवसाचं छोटं प्रार्थनामंदिर), 1869 मध्ये. त्याच्या अर्पणविधीसाठी ब्रुकनरची ई मायनर मिस्सा गायली गेली. ती त्यानं 1866 मध्येच लिहून ठेवली होती. बांधकाम चालू असल्यानं मिस्सा उघड्यावर होणार होती. उघड्यावर ऑर्गन नसतो आणि तंतुवाद्यांचा आवाज विरून जातो. म्हणून त्यानं आठ आवाजांचा क्वायर घेतला आणि साथीला पंधरा फुंकवाद्यं: 2 ओबो, 2 क्लॅरिनेट, 2 बसून, 4 हॉर्न, 2 ट्रम्पेट, 3 ट्रॉम्बोन. बासरीसुद्धा नाही. सुरुवातीच्या ‘कीरिए’मध्ये बराच वेळ क्वायर जवळजवळ एकटाच गातो आणि वाद्यं मधूनच आधाराला येतात. ही या मिस्सेतली सगळ्यात अवघड जागा. आठ आवाज पाव सुरानं जरी उतरले असले तरी हॉर्न आत आल्या क्षणी ते उघडं पडतं. त्यामुळे तालमीत वाद्यांचे प्रवेश पियानोवर वाजवून घेतात, तेही आधी सूर न देता. सूर दिला की क्वायर सावरून घेतो आणि चूक लपते.

त्याच चॅपलसाठी त्यानं 11 ऑगस्ट 1869 ला ‘लोकुस इस्ते’ लिहिला. चार आवाज, सी मेजर, 48 बार (मात्रांचे गट). चर्चच्या अर्पणदिनाच्या मिस्सेतल्या ग्रादुआलचे (बायबलवाचनानंतर गायच्या स्तोत्राचे) हे शब्द. अर्थ असा: ही जागा देवानं घडवली, हे अमोल रहस्य आहे, हिला दोष देता येत नाही. जगभरचे लहान क्वायर हा मोटेट गातात, कारण कागदावर तो सोपा दिसतो. नेमका तिथेच घात होतो.

पहिला घोळ लयीचा. वर लिहिलंय ‘अलेग्रो मोदेरातो’, आणि गातात मात्र अंत्ययात्रेच्या चालीनं. हिशेब सरळ आहे. 48 बार, बारला 4 मात्रा, म्हणजे 192 मात्रा. मिनिटाला 72 धरल्या तर 2 मिनिटं 40 सेकंद. तुमचा क्वायर चार मिनिटं घेत असेल तर मात्रा 48 वर आल्या. मग एका श्वासात ओळ पुरत नाही, ‘फाक्तुस’ आणि ‘एस्त’च्या मध्ये श्वास पडतो आणि वाक्य मोडतं. भक्तिभाव संथपणात असतो असं समजून लय पाडली जाते. या रचनेत तो ओळीच्या सलगपणात आहे.

दुसरं, उच्चार. लॅटिन देवनागरीत लिहून वाटणं चांगलंच, पण लिहिताना जपावं लागतं: ‘लोकुस इस्ते आ देओ फाक्तुस एस्त’. मराठी जीभ ‘देओ’चं हमखास ‘देयो’ करते. ए आणि ओ यांच्यामध्ये आपल्याकडे य आपोआप शिरतो. नेमकं ‘देओ’वरच ओळ लांबते, त्यामुळे वीस जणांचा य वीस वेगवेगळ्या क्षणी ऐकू येतो. उपाय एकच: ‘ए’ शेवटपर्यंत धरायचा, जीभ न हलवता फक्त ओठ गोल करून ‘ओ’वर जायचं. ‘फाक्तुस’चा फ वरचे दात खालच्या ओठाला टेकवून काढायचा, फळातला फ नको. ‘इस्ते’तला त दाताचा, ट नाही. ‘एस्त’चा स सगळ्यांनी उशिरा, हात पडेल तेव्हा एकदम. नाहीतर प्रत्येक ओळ प्रेशर कुकरसारखी सुटते.

तिसरं, सूर. सी मेजरची जुळणी साथीशिवाय गाताना ज्याच्याकडे ई आहे त्यानं तो पियानोपेक्षा किंचित खाली ठेवायचा, 14 सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या भागाइतका. तानपुरा ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार तो हाच, पेटीचा नव्हे. तो बसला की ऐकणाऱ्याला क्वायर दुप्पट मोठा वाटतो.

मधल्या ‘इनएस्तिमाबिले साक्रामेंतुम’ला बास (पुरुषांचा खालचा आवाज) पुढे होतात आणि बाकीचे मागून येतात. तोच आकृतिबंध मग वरच्या सुरावरून पुन्हा येतो आणि आवाज चढतो. इथं सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) जोर करतात आणि सूर वर सरकतो. पुढचा तुकडा ‘इररेप्रेहेन्सिबिलिस एस्त’ याच्या अगदी उलट आहे. बास गप्प बसतात, उरलेले तीन आवाज हळू आवाजात अर्ध्या-अर्ध्या सुरानं घसरतात. पायाखालची जमीन काढून घेतलेली आहे, आणि ती मुद्दाम काढली आहे. उतरताना प्रत्येक अर्धा सूर गरजेपेक्षा मोठा पडतो. चार-पाच पायऱ्यांत क्वायर चांगलाच खाली आलेला असतो. मग बास परततात तेव्हा त्यांच्या डोक्यात मूळ सी असतो आणि बाकीच्यांच्या गळ्यात दुसराच. म्हणून गप्प असताना बास मंडळींनी आपला सी मनात धरून ठेवायचा नाही. टेनर ऐकायचा आणि त्यांच्यात मिसळायचं. हा तुकडा आधी ‘नू’वर, शब्दांशिवाय, अर्ध्या लयीत, प्रत्येक पायरीवर थांबून घोटावा. घसरताना वर चढतोय असं मनात म्हणायची युक्ती जुनी आहे आणि ती चालते.

आणि मग शेवट. शेवटच्या ‘आ देओ’च्या आधी सगळे आवाज एकदम थांबतात. ही विश्रांती ब्रुकनरनं मोजून लिहिलेली आहे. दगडी चर्चमध्ये आधीचा नाद या वेळात वर जातो आणि विरतो, तो विरल्यावर पुढचा सूर येतो. गाणारी इथं ती इमारतच आहे. पडदे, गालिचे आणि खाली छत असलेल्या सभागृहात नाद लगेच मरतो, मग निर्देशकाला ती शांतता लांब वाटते आणि तो ती कापतो. कापू नये. आपल्या चर्चमध्ये आदल्या दिवशी एकदा जोरात टाळी वाजवून नाद किती वेळ राहतो ते मोजा. भरलेल्या चर्चमध्ये तो आणखी लवकर संपणार, कारण कपडे आणि माणसं आवाज पितात.

1868 पासून ब्रुकनर व्हिएन्नाला शिकवत होता, सिम्फनी लिहीत होता, ऑर्गनवादक म्हणून 1869 मध्ये फ्रान्सला आणि 1871 मध्ये लंडनला जाऊन आला होता. तरी मोटेट येत राहिले. 1879 चा ‘ओस युस्ती’ त्यानं सेंट फ्लोरियनचे संगीतप्रमुख इग्नात्स ट्राउमिहलर यांच्यासाठी लिहिला. ट्राउमिहलर जुन्या, निर्मळ चर्चशैलीचे आग्रही. म्हणून त्यानं लिडियन मोड (एफपासून सुरू होणारी, बी शुद्ध ठेवणारी जुनी स्वरमाला) घेतला आणि सबंध रचनेत एकही शार्प नाही, एकही फ्लॅट नाही. सातवा सूर जोडलेली जुळणी नाही. हात बांधून घेतले आणि तरीही त्यातून आठ आवाजांपर्यंत उघडणारं असं काही काढलं की पत्र्याच्या छपराखाली गायलं तरी उंची जाणवते. गायला मात्र हा जपून घ्यावा. एफवरून सुरू होणाऱ्या ओळीत बी आला की सवयीनं गळा बी फ्लॅटकडे जातो. कल्याण गायलेल्यांना इथं फायदा आहे, तीव्र मध्यम त्यांच्या गळ्यात आधीच असतो.

‘लोकुस इस्ते’, ‘ओस युस्ती’, ‘क्रिस्तुस फाक्तुस एस्त’ आणि ‘विर्गा येस्से’ हे चार ग्रादुआल 1886 मध्ये व्हिएन्नाला एकत्र छापले गेले. शिकताना मात्र छापलेल्या संचाच्या मागे जाऊ नये. वीस जणांच्या क्वायरनं (6 सोप्रानो, 5 आल्टो, 4 टेनर, 5 बास) पहिलं वर्ष ‘लोकुस इस्ते’लाच द्यावं आणि तो चर्चच्या अर्पणदिनाला गावा. ‘क्रिस्तुस फाक्तुस एस्त’ पवित्र आठवड्याचा आहे. त्यात आवाज चढतो तितकाच शेवटी तो जवळजवळ नाहीसा होईपर्यंत उतरवावा लागतो, आणि तेवढा हळू सूर धरून ठेवायला कमावलेला श्वास लागतो. तालमी ख्रिसमसनंतर लगेच सुरू केल्या तरच पवित्र गुरुवारपर्यंत तो उभा राहतो.