कोरड्या दिवसांतली स्तोत्रे

बाप्तिस्म्यानंतरची पहिली काही वर्षे मला प्रार्थनेला मुद्दाम बसावे लागत नसे. पुढे केव्हातरी ती ओढ ओसरली. ना कोणते संकट आले होते, ना मनात मोठी शंका होती. मी रविवारच्या उपासनेला जात होतो, प्रभुभोजन घेत होतो, आणि ‘आमेन’ म्हणताना माझे लक्ष दुसरीकडेच असे.

यावर मी एक उपाय केला आणि तो चुकला. वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचायचे ठरवले. अध्याय 1189, म्हणजे रोज तीन-चार. उत्पत्ती आणि निर्गम भराभर झाले, पण महिनाअखेरीस लेवीयच्या तेराव्या अध्यायातील त्वचारोगाच्या नियमांपाशी मी अडकलो. खुणेची लाल फीत तिथेच राहिली. कित्येक महिन्यांनी ग्रंथ उघडला तेव्हा तिचा फिकट गुलाबी डाग पानावर उतरलेला होता. त्या डागाची मला फार लाज वाटली. ही लाज भक्तीच्या आड येते, हे तेव्हा कळत नव्हते.

एका वडीलधाऱ्या पाळकांना हे सांगितले. वाटले होते, पवित्र शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, इफिसच्या मंडळीने सोडलेल्या ‘पहिल्या प्रीती’ची ते आठवण देतील. त्यांनी प्रकटीकरणाचा दुसरा अध्यायच काढला, पण बोट ठेवले ते पाचव्या वचनावर: इफिस येथील मंडळीला प्रभू ‘पहिल्यासारखे वाटून घे’ असे म्हणत नाही, पहिली कृत्ये करायला सांगतो. मग ते म्हणाले, “स्वतःचे शब्द सुचत नसतील, तर दाविदाचे घ्या.”

म्हणजे पवित्र शास्त्रातील स्तोत्रसंहिता, जिच्यातली बरीच स्तोत्रे दाविदाच्या नावावर आहेत. तिच्यात स्तोत्रे 150 आहेत. रोज पाच वाचली की तीस दिवसांत संपतात. 119वे स्तोत्र एकटेच 176 वचनांचे असल्यामुळे ते मी 31 तारखेसाठी राखून ठेवतो. (फेब्रुवारीत हिशेब बिघडतो, तो बिघडू द्यावा.) एखादा दिवस चुकला, तर मागचे भरून काढायचे नाही, त्या तारखेची स्तोत्रे उघडायची, एवढाच नियम. माझ्या मते सगळे तगले ते या सवलतीमुळे, कारण पूर्वी दोन दिवसांची थकबाकी साचली की मी तिसऱ्या दिवशी ग्रंथाकडे फिरकतच नसे.

दर महिन्याच्या 18 तारखेला 88वे स्तोत्र येते. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, ते अंधारावरच संपते. पहिल्यांदा ते मोठ्याने वाचले तेव्हा, माझी अवस्था पवित्र शास्त्रात आधीच लिहिलेली असून ती देवालाच उद्देशून म्हटलेली आहे, हे जाणवून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. कित्येक महिन्यांनंतरची माझी ती पहिली खरी प्रार्थना होती.

जुना उत्साह पूर्वीसारखा परतलेला नाही. कधी 30 तारखेची हालेलुया (‘परमेश्वराची स्तुती करा’) स्तोत्रे कोरड्या तोंडाने म्हणतो, तर कधी मन प्रसन्न असताना 88वे समोर येते. तेव्हा ते, मंडळीत त्या दिवशी ज्याला त्याची गरज असेल, त्याच्यासाठी म्हणतो.