स्मोकरला दुसरं एलिमेंट बसवलं आणि ईएलसीबी पडत राहिला

नवीन एलिमेंट (तापणारी नळी) बसवायच्या आधी ते मेगरने, म्हणजे जास्त व्होल्ट लावून इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने, तपासून घ्या. मल्टीमीटरने नाही, मेगरने. एवढं एक वाक्य मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझे चार रविवार वाचले असते.

माझ्या इलेक्ट्रिक स्मोकरमध्ये, म्हणजे लाकडाच्या धुरात पदार्थ शिजवायच्या पेटीत, ८०० वॅटचं एकच एलिमेंट होतं. थंडीत ११० अंशांपर्यंत चढायला त्याला दोन तास लागायचे, आणि दार उघडलं की पुन्हा रखडपट्टी. म्हणून तेवढ्याच वॅटचं दुसरं आणलं आणि एका दुपारीत बसवलंही. जोडणी पॅरलल केली. सिरीजमध्ये जोडली तर दोन्ही मिळून जेमतेम ४०० वॅट देतात, म्हणजे होतं त्याच्या निम्मं.

बटण दाबलं, अर्धा मिनिट गेला आणि ईएलसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) पडला. परत वर केला, परत पडला.

मल्टीमीटरवर ६६ ओहम येत होते, २३० व्होल्टच्या हिशेबात अगदी बरोबर. बॉडीला लावून पाहिलं तर बीप नाही. विक्रेत्याला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा उत्तर एकच: "एलिमेंट ओके आहे, तुमच्या वायरिंगमध्ये घोळ आहे." मी विश्वास ठेवला. सगळं सोडवून पुन्हा जोडलं, वायरच्या टोकांचे थिंबल बदलले, अर्थिंग तपासलं. जुनं एलिमेंट एकटं छान चालायचं, नवं जोडलं की ट्रिप! एकाने तर अर्थची वायरच काढून टाकायला सांगितली. कृपा करून हे कधीही करू नका. पत्र्याचा डबा, ओले हात आणि अर्थ नाही, म्हणजे जिवाशी खेळ.

शेवटी ओळखीच्या वायरमनने ५०० व्होल्टचा मेगर लावला. काटा शून्याला टेकल्यातच जमा. एलिमेंटच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. माल बरेच दिवस पडून राहिला की टोकांच्या सीलमधून ती हवेतला ओलावा ओढते. नळी गरम झाली की गळती वाढते, म्हणून तो अर्धा मिनिट. मल्टीमीटर मोजतो थोड्याशा व्होल्टवर, त्यात मी नुसती बीप ऐकत बसलो होतो.

टोकांचे प्लास्टिकचे तुकडे काढून एलिमेंट १२० अंशांच्या ओव्हनमध्ये चार तास ठेवलं. गार झाल्यावर मेगर शंभर मेगाओहमच्या वर. त्या रात्री ईएलसीबी हलला नाही. इतकं हलकं वाटलं की मी स्मोकर रिकामाच तासभर चालू ठेवला.

हो, एक राहिलंच: करंट साडेतीनवरून सात अँपिअरवर जातो. जुन्या थर्मोस्टॅटचे पॉइंट तेवढ्यासाठी नसतील, तर मध्ये हीटसिंकसह (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्टीसह) एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले हा इलेक्ट्रॉनिक स्विच, घाला. एसएसआर बिघडतो तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच अडकतो, म्हणून त्याच्या पुढे वेगळा थर्मल कटऑफ (फार तापलं की वीज तोडणारा) हवाच. आतली वायर ग्लासफायबरची घ्या, पीव्हीसी वितळते. वायरच्या जोडांना डाग देऊ नका, क्रिंप करा, म्हणजे थिंबल दाबून बसवा.

आता ११० अंश पाऊण तासात येतात. पण दोन्ही चालू ठेवली की तापमान लवकर गाठलं जातं, एलिमेंटं जास्त वेळ बंद राहतात आणि लाकडाचे तुकडे नीट धुमसत नाहीत. म्हणून दुसऱ्याला स्वतंत्र स्विच दिलाय. तापेपर्यंत दोन्ही, मग धुरासाठी फक्त जुनं.