टीए बिलावर उभा असलेला गुप्तहेर

रविवार, रात्र

‘युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर’ या जुन्या अमेरिकी रेडिओ मालिकेचा सगळा डोलारा एका टीए बिलावर उभा आहे. नायक हार्टफर्डचा, म्हणजे अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या गावचा स्वतंत्र तपासनीस. काम संपलं की कंपनीला खर्च लावतो. ‘बाब पहिली, विमानभाडं, इतके डॉलर’ एवढं म्हणायचा अवकाश, श्रोता थेट दुसऱ्या गावात! एरवी रेडिओवर जागा बदलायला संगीताचा तुकडा किंवा निवेदक लागतो. इथे टॅक्सीचं भाडं भागवतं. शेवटी बेरीज आणि खाली सही, तीच मालिकेचं नाव.

सीबीएस या अमेरिकी रेडिओ वाहिनीवर १९४९ ते १९६२ या काळात सहा जणांनी हा डॉलर केला. पहिला चार्ल्स रसेल चांदीचे डॉलर टिप म्हणून उधळायचा. गंमत चार भागांत विटते. एडमंड ओब्रायन दणकट, जॉन लंड जरा कोरडा. खरा डॉलर बॉब बेलीच. ३ ऑक्टोबर १९५५पासून सोमवार ते शुक्रवार रोज १५ मिनिटं, आठवड्याला एक प्रकरण. दिग्दर्शक जॅक जॉनस्टोन. पाच दिवसांची ७५ मिनिटं हाताशी, त्यामुळे साक्षीदाराला अडखळायला, खोटं बोलायला आणि दोन दिवसांनी ते फिरवायला सवड मिळते. १९५६च्या नोव्हेंबरपासून आठवड्याला अर्धा तास झाला. मग दावा, संशयित, उलगडा सगळं कोंबावं लागलं. तिथे गुन्हेगार बहुधा आधीच ओळखू येतो, कारण पात्रंच मोजकी!

जुन्या भागाची फाइल ऐकताना बेलीचा आवाज पोरसवदा वाटला तर आधी तिचा वेग तपासावा. कॉपी करताना टेप थोडी पळाली की असं होतं. अमेरिकेतल्या विजेची घरघर ६० हर्ट्झची. मूळ ध्वनिमुद्रणात शिरलेली तीच घरघर फाइलमध्ये ६३ला दिसली, तर फाइल ५ टक्के जलद, सूर जवळपास अर्धा स्वर चढा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग ०.९५२ पट करावा. ‘टेम्पो’ला हात लावू नये, त्याने लांबी बदलते, सूर तसाच राहतो. घरघर नंतरच्या यंत्राचीही असू शकते, म्हणून त्याच अभिनेत्याचा दुसरा भाग शेजारी लावून खात्री करावी.

खरखर काढायची झाली तर ६ डेसिबलवर थांबावं. त्यापुढे गेलं की ‘स’ बोबडा होतो आणि बोळातली पावलं खरखरीबरोबर पुसली जातात.