गुडघा नवा, जिना तोच

नी रिप्लेसमेंट झालंय म्हटलं की भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, जिना चढता येतो का? उतरता येतो का हे कोणी विचारतच नाही, आणि खरी गोची तिथेच आहे. चढताना दम लागतो, मांडी भरून येते, पण पुढची पायरी डोळ्यासमोर असते त्यामुळे भीती तशी कमी. उतरताना अख्खा जिना खाली दिसत असतो आणि गुडघा ऐनवेळी दगा देईल की काय असं वाटत राहतं.

हॉस्पिटलमधून सोडायच्या आधी फिजिओ दोनचार पायऱ्या करून घेतात आणि एक नियम पाठ करायला लावतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. घरी आलं की त्या पेनकिलरच्या गुंगीत नेमका तोच उलटसुलट होतो. मला तो पाठ करून नाही, कारण कळल्यावर लक्षात राहिला. चढताना जो पाय आधी वर जातो तो सगळं शरीर वर ओढतो, आणि उतरताना जो पाय मागे वरच्या पायरीवर राहतो तो हळूहळू वाकत सगळं वजन खाली सोडतो, म्हणजे दोन्ही वेळेला हमाली चांगल्या पायाचीच. ऑपरेशनच्या पायाने फक्त जाऊन उभं राहायचं. काठी कायम ऑपरेशनच्या पायाबरोबर, म्हणजे चढताना चांगला पाय, मग दुखरा पाय आणि काठी, आणि उतरताना आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला. दोन्ही पाय एका पायरीवर आले की मगच पुढची.

आता यात एक मेख आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा तो "चांगला" पायसुद्धा काही धड नसतो, तोही झिजलेलाच असतो, फक्त त्याचा नंबर अजून लागलेला नसतो. आणि ऑपरेशननंतर सगळी हमाली त्याच्यावर येऊन पडते मग तो ठणकायला लागतो. हे फिजिओला आपणहून सांगायचं, ते विचारतील म्हणून वाट बघत बसू नये. दोन्ही गुडघे एकदम बदलले असतील तर त्यातल्या त्यात जो भक्कम वाटतो त्याला चांगला समजायचं.

उतरणं अवघड का, याचं उत्तर आकड्यात पण मिळतं. सपाट चालायला गुडघा साधारण 65 ते 70 अंश वाकला तरी भागतं, जिना चढायला 80 च्या पुढे लागतो आणि उतरायला 90 च्या आसपास. कृत्रिम गुडघ्यात सेन्सर बसवून वजन मोजलंय लोकांनी, चालताना शरीराच्या वजनाच्या अडीच पट, चढताना तीन पटीच्या थोडा वर आणि उतरताना जवळजवळ साडेतीन पट भार येतो. त्यात मांडीचा पुढचा स्नायू ऑपरेशननंतर पार ढिला पडलेला असतो, आणि उतरताना ब्रेक लावायचं काम त्याचंच. म्हणून ते कंटाळवाणे व्यायाम, पाय सरळ ठेवून मांडी आवळणं, सरळ पाय उचलणं, टाच घसरवत गुडघा वाकवणं, हे सगळं खरं तर जिन्यासाठीच चाललेलं असतं.

घरात काय बदलायचं असेल तर सगळ्यात आधी कठडा. बऱ्याच जिन्यांना कठडा एकाच बाजूला असतो, चढताना तो उजव्या हाताला आला तर उतरताना डाव्या हाताला येणार, आणि काठी दर वेळी हात बदलणार. भिंतीच्या बाजूने दुसरा कठडा बसवून घेतला की ही कटकटच संपते, आणि शेवटच्या पायरीच्या थोडा पुढेपर्यंत घ्यावा कारण "संपला जिना" म्हणून हात सोडतो आणि नेमकी एक पायरी बाकी असते. पायऱ्यांच्या कडेला रंगीत पट्टी, रात्रीचा दिवा, खालच्या पायरीशी पडलेलं पायपुसणं उचलून टाकणं. चप्पल मागून पट्टा असलेलीच. पायघोळ गाऊन नको. वळणाच्या पायऱ्या एका बाजूला निमुळत्या असतात तिथे रुंद बाजूने जायचं आणि पाय जागेवर पिळून वळायचं नाही, छोटी छोटी पावलं टाकत वळायचं. वॉकर घेऊन जिना चढायला जाऊ नका, एक वर आणि एक खाली ठेवता आला तर उत्तम.

सोबत करणाऱ्यांना एक विनंती, हात धरून ओढू नका हो! तोल जातो त्याने. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळेला माणूस खालच्या बाजूला हवा, म्हणजे चढताना मागे आणि उतरताना पुढे. आणि त्या वेळात बोलत बसायचं नाही, माझं लक्ष गेलं की पाय चुकतो. हातात काही घ्यायचं नाही, पाण्याची बाटली, मोबाईल, चष्मा सगळं गळ्यात आडव्या अडकवलेल्या पिशवीत.

सुरुवातीला झोपायची सोय खालीच झाली तर बरं. नाहीच झाली तर सकाळी आवरून खाली यायचं आणि रात्री वर जायचं, मधे वर राहिलेलं आणायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवायचं. जास्त खालीवर झालं की संध्याकाळी गुडघा सुजून गरम होतो, मग पाय उंचावर आणि बर्फ. पण पोटरी दुखून सुजली, किंवा दम लागून छातीत दुखायला लागलं तर ते जिन्यामुळे असेल म्हणून घरात थांबायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा, रक्ताची गुठळी असू शकते.

एकाआड एक पाय टाकत चढणं कधी जमणार, हे सगळेच विचारतात. साधारण दीडेक महिन्यापासून तीन महिन्यांत बऱ्याच जणांना जमायला लागतं, पण आधी फिजिओ 4 इंचाच्या ठोकळ्यावर चढउतार करून घेते, मग 6, मग नेहमीच्या पायरीएवढा. तेव्हा आरसा समोर ठेवून बघा, खाली उतरताना गुडघा आत वळतोय का आणि कंबर एका बाजूला कलतेय का. कलत असेल तर अजून थांबा. चढणं आधी जमतं, उतरणं बरंच नंतर, आणि काहींना कठडा कायमचाच लागतो, लागला तर लागला.