काकूंच्या गुडघ्याचा नवस

वसईहून पोर्तुगालला निघताना शेजारच्या काकूंनी एकच गोष्ट सांगितली होती. "फातिमाला पोचलीस की माझ्या गुडघ्यासाठी मेणाचा पाय वाहा. मला आता चालवत नाही. तू चाल." आमच्याकडे वांद्र्याच्या मोतमावलीला मेणाचे हातपाय वाहतात, तसंच. मी माळकरी, आळंदी ते पंढरपूर सात वेळा चाललेली. काकू ख्रिस्ती. पण चालून फेडायचा नवस म्हणजे काय, हे आम्हा दोघींना एकमेकींना समजावून सांगावं लागलं नाही.

भाची लिस्बनला नोकरीला आहे. तिच्याकडे जायला मी मे महिना निवडला तो यासाठीच. 13 मे 1917 रोजी फातिमा गावाजवळच्या कोव्हा द इरिया नावाच्या माळावर, मेंढरं राखणाऱ्या तीन लेकरांना मरियामातेचं दर्शन झालं, अशी तिथली श्रद्धा आहे. दर वर्षी त्या दिवसासाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं पायी निघतात. लिस्बनच्या जुन्या कॅथेड्रलपासून अंतर साधारण 140 किलोमीटर. आम्ही पाच दिवसांत चालायचं ठरवलं. खांबांवर, भिंतींवर निळे बाण रंगवलेले असतात, त्यांच्या मागे जायचं. पिवळे बाणही दिसतात, पण ते स्पेनमधल्या सांतियागोकडे नेतात.

पहिला दिवस तेजू नदीच्या काठाने. डोक्यावरून वास्को द गामाच्या नावाचा लांबच लांब पूल जातो. वास्को 1498 साली कालिकतला पोचला, त्याला पाचशे वर्षं झाली तेव्हा हा पूल खुला झाला. आपल्याला हा देश समुद्रातून आलेला ठाऊक आहे: गलबतं, तोफा, आमचा वसईचा किल्ला, 1739 सालची चिमाजीअप्पांची मोहीम. शहर मागे पडलं आणि मला पहिल्यांदा या देशाची जमीन दिसली. नदीची पूरमैदानं, त्यात भातखाचरं, घोडे, चरणारे काळे बैल, बांधाबांधाला लाल खसखशीची फुलं. भात पाहून मी थांबलेच. इथली माणसं युरोपातली पट्टीची भातखाऊ. रात्री जेवणानंतर पुढ्यात आली ती भाताची खीर, वर दालचिनीच्या पुडीची नक्षी.

दुसऱ्या दिवशी एक दिंडी गाठ पडली. दिंडीच म्हणते मी. पंचवीसेक माणसं, अंगात पिवळी चकाकती जाकिटं, मागे सामानाची गाडी. पुढची बाई जपमाळेतला अर्धा मंत्र म्हणायची आणि उरलेला अर्धा सगळे मिळून म्हणायचे. शब्द कळत नव्हते, पण पावलं आपोआप त्या ठेक्यात पडू लागली. रस्त्याने जाणारे गाडीवाले हॉर्न वाजवून "फोर्सा!" म्हणून ओरडत. बळ येवो, असा त्याचा अर्थ.

सांतारेंच्या चढाला माझी डावी टाच फुटली. गावाच्या वेशीवर स्वयंसेवकांचा तंबू होता. माझ्याएवढ्याच वयाच्या एका बाईने मला खुर्चीत बसवलं, स्वतः जमिनीवर बसली आणि माझं पाऊल मांडीवर घेतलं. मी पाय मागे ओढला; परक्या बाईच्या मांडीवर मळका पाय कसा द्यायचा? तिने तो पुन्हा घट्ट धरला आणि मागे वळून हाक मारली. काय मागितलं ते भाचीने सांगायच्या आधीच मला कळलं. "बाल्द" आणि "साबांव". बादली आणि साबण. पाव, चावी, बटाटा, कोबी, काजू, हे शब्दही याच लोकांबरोबर आपल्याकडे आले, हे वाचून माहीत होतं. पण माझ्या आजीच्या न्हाणीघरातले दोन शब्द तिथे त्या बाईच्या तोंडून ऐकले आणि मला रडू आलं. तिला वाटलं टाच दुखतेय. वारीत वाटेवरच्या गावांत वारकऱ्यांचे पाय तेल लावून चोळून देतात, आणि एकमेकांना "माउली" म्हणतात. मी तिला तेच म्हटलं.

सांतारेंमध्ये एका चर्चमध्ये पेद्रू काब्रालची कबर आहे. 1500 साली कालिकतवर तोफा डागणारा हाच. मी तिथे फार थांबले नाही. भाचीने दाखवलेली दुसरी गोष्ट मात्र मनात घर करून राहिली. 25 एप्रिल 1974 च्या पहाटे याच गावातल्या घोडदळाच्या शाळेतून साल्गेरू माया हा तरुण कॅप्टन आपली तुकडी घेऊन लिस्बनला गेला. 1926 पासूनची हुकूमशाही त्या दिवशी कोसळली आणि लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोवली. म्हणजे गोवा सुटला 1961 साली, आणि ज्यांच्या हातून सुटला त्यांची स्वतःची सुटका व्हायला आणखी बारा-तेरा वर्षं लागली. हे मला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं.

पुढचा सगळा चुनखडीचा डोंगराळ मुलूख. गारगोट्यांसारखे पांढरे दगड रचून केलेले गडगे, त्यांच्या आत ऑलिव्हची झाडं. बारा तारखेच्या संध्याकाळी फातिमा.

तिथल्या विस्तीर्ण पटांगणात गुळगुळीत दगडाची एक उतरती वाट आहे. दर्शनाच्या जागी बांधलेल्या छोट्या देवळाकडे लोक तिच्यावरून गुडघ्यांवर चालत जातात. एक तरुण मुलगा तसा चालला होता आणि त्याची आई त्याचा हात धरून शेजारून चालत होती. रात्री मेणबत्त्या पेटल्या. दुसऱ्या दिवशी मरियामातेची मूर्ती त्या छोट्या देवळाकडे परत जायला निघाली, तेव्हा पटांगणभर पांढरे रुमाल हलले. माझ्याकडे रुमाल नव्हता, मी उपरणं हलवलं.

मेणाचा पाय बाजूच्या दुकानात मिळाला, गुडघ्यापासून बोटांपर्यंतचा. मेणबत्त्या जाळायच्या जागी आगीचा लोळ उठला होता. तो पाय मी त्यात ठेवला आणि वसईला फोन लावला. तिकडे चहाची वेळ.

"पूर्ण वितळेपर्यंत थांबलीस ना?" काकूंनी विचारलं.

"अजून बोटं दिसतायत, काकू. फोन ठेवू नका."